हजेरीतला आश्रुबा

आजचं जेवण सुखासुखी कुणाच्या घशाखाली उतरायचं नाही, हे कडूबाईनं सकाळीच ताडलं होतं. उमापूरहून छबुबाई आली ती न सांगता. सत्तरीची नणंद मे महिन्याच्या उन्हात केजच्या स्टँडवर उतरून, वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन इथवर येते, ती काही भावाच्या मेंढ्या बघायला येत नाही. दहाच्या सुमारास धाकटा दीर नाथा आणि जाऊ सत्यशीला आले. रविवार असूनही नाथाच्या अंगात कॉलेजात घालायचा पांढरा शर्ट, आणि सत्यशीलाच्या काखेत फाइल. सुरज तर घरचाच, कडूबाईच्या पोटचा, केजला बिऱ्हाड असलं तरी रविवारी इथंच मुक्कामाला, पण आज तोही आतल्या खोलीतून फाइल घेऊनच बाहेर आला.

"दोन फायली आन् एक नणंद," कडूबाई चुलीपाशी पुटपुटली आणि तिनं आमटीत आणखी एक तांब्या पाणी ओतलं.

एकतीस मे ही तारीख घरात सगळ्यांना तोंडपाठ झाली होती. आजपासून तेरा दिवस. केज रस्त्याच्या नऊ एकर माळावर सत्तावीस वर्षांमागं पत्र्याच्या दोन शेडांत पॉलिटेक्निक सुरू करणारे संस्थापक प्राचार्य आश्रुबा तात्याबा देवकते त्या दिवशी वयाची पासष्ट वर्षं पुरी करून निवृत्त होणार होते. सत्काराच्या पत्रिका छापून झाल्या होत्या, मांडववाल्याला सांगून झालं होतं. अडचण एवढीच, की पासष्ट पुरी करणारा आश्रुबा हा नव्हताच. तो बाहेर लिंबाखाली बाजेवर बसून एका कोकराच्या खुरातला काटा काढत होता. पॉलिटेक्निकवाला घरात नाथा होता, आणि त्याला बासष्टावं सरत होतं.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि घराबाहेर ज्यांना होतं ते उघड बोलत नव्हते. करणी गावच्या गुरुजीची. त्यांनी थोरल्या आश्रुबाचं नाव शाळेच्या पटावर चढवलं, पोरगं आठ दिवस बसलं आणि बापामागं मेंढरं घेऊन जे गेलं ते परत फिरकलं नाही. पण पट कमी झाला तर गावातला एक मास्तर कमी होणार, म्हणून गुरुजी रोज इमानेइतबारे त्याची हजेरी लावत राहिले. अशा रीतीनं आश्रुबा त्याच्या नकळत तिसरीत पोचला. मग एके दिवशी तपासणीचे साहेब आले. गुरुजींनी शाळेमागं कोकरं राखणाऱ्या सहा वर्षांच्या नाथाला बखोटीला धरून तिसरीच्या रांगेत बसवलं. साहेबांनी आश्रुबा तात्याबा असा पुकारा केला, पोरगं 'हजर' म्हणालं. एकोणिसाचा पाढा विचारला, तर खिडकीबाहेरून वर्षभर ऐकलेला पाढा त्यानं एका दमात म्हणून दाखवला. साहेब खूश झाले आणि शेरेबुकात पोराचं नाव लिहून निघून गेले. आता साहेबांनी लिहिलेलं पोरगं गुरुजी कुठून बदलणार? बाप तात्याबानंही फार मनावर घेतलं नाही. घरातलंच नाव आहे, घरातच राहील, असं तो म्हणाला.

ते नाव नाथाबरोबर आयटीआयला गेलं, फिटरच्या ट्रेडला. वाळूजच्या कारखान्यात दिवसा कानस घासत त्यानं रात्रपाळीनं डिप्लोमा केला, मग डिग्री, मग सरकारी पॉलिटेक्निकात नोकरी. चांगली चाललेली नोकरी सोडून तो माळावर आला तेव्हा लोकांनी त्याला येड्यात काढलं होतं. लोखंड कातायचा पहिला लेथ त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणला आणि स्वतः पाया खणून बसवला. पहिल्या दोन वर्षांच्या पोरांच्या भाकरी कडूबाईनं थापल्या, कारण मेस नव्हती. आज त्यातली काही पोरं पुण्यात मोठ्या गाड्यांतून हिंडतात, आणि कडूबाईला नावानिशी आठवतात. एवढं सगळं झालं ते आश्रुबाच्या नावावर. पुढं आधारचा कॅम्प लागला तेव्हा थोरल्याची जन्मतारीख कुणालाच सांगता येईना, म्हणून कडूबाईनं पेटीत होता तो एकमेव कागद, नाथाचा शाळा सोडल्याचा दाखला, नेऊन दिला. त्यामुळं एक जून एकोणीसशे साठला जन्मलेले एकाच बापाचे, एकाच नावाचे दोन लेक सरकारदरबारी सुखानं नांदत होते.

कडूबाई सुखानं नांदत नव्हती. बाजारात कुणी नाव विचारलं, की तिचा नवरा हसून सांगायचा, "आश्रुबा सरांचा भाऊ." ते हसणं तिला लागायचं. संस्था निघाली तेव्हा जमीन थोरल्याची म्हणून अध्यक्ष त्याला केलं, आणि कॉलेजात एक खुर्ची आणि एक पाटी त्याच्या वाट्याला आली. वर्षातून दोनदा तो फेटा बांधून झेंडा फडकवायला जायचा. माईकवरून 'संस्थेचे अध्यक्ष आश्रुबा तात्याबा देवकते' असं पुकारलं जायचं, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेली कडूबाई पदर सावरून ताठ व्हायची. सगळ्या दुनियेत तेवढ्याच जागी तिचा नवरा त्याच्या स्वतःच्या नावानं उभा असायचा. एरवी त्याचं नाव दुसऱ्याच्या अंगावर असायचं, सदऱ्यासारखं, आणि ते शोभायचंही त्यालाच, हे तिला कबूल करावं लागायचं.

तर सगळे ओसरीत सतरंजीवर बसले. पहिला फासा सत्यशीलानं टाकला. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई, तिला मुद्द्याला यायला वेळ लागत नाही.

"बाई, मी वकिलाकडून अर्ज करून आणलाय," ती कडूबाईला म्हणाली, पण बघत होती सुरजकडं. "जन्मतारीख चुकीची लागलीय, एवढंच लिहिलंय. नावाचा विषयच नाही. आक्का थोरल्या हैत, जन्म त्यांच्यासमोर झालेला. त्यांचा जबाब आन् थोरल्या भावजींची सही. तीन वर्षं मिळतील."

"मला समदं ध्यानात हाय," छबुबाई म्हणाली. "ह्यो झाला तवा मी नव वरसाची व्हते. चीनच्या लढाईच्या पुढल्या साली. कुठं पायजे तिथं सांगते."

"तीन वर्षं कशाला पायजेत, काकू?" सुरजनं शांतपणे विचारलं. तो संस्थेचा सचिव. अडतीस वर्षांचा, बोलण्यात साखर, आणि डोकं आजोबांसारखं थंड.

उत्तर नाथानं दिलं. "तुला ठाऊक हाय सुरज. मी उतरलो की तू वर्कशॉप मोडणार."

"मी न्हाई मोडत, काका. पोरंच येईनात. मेकॅनिकलला जागा साठ, गेल्या साली पोरं अकरा. तिकडं फार्मसीला लोक रांगा लावायलेत. मास्तरांना काय द्यायचं, तुमीच सांगा."

"अकरा पोरं का आली, ते मला दुरुस्त करता येतंय. नवं मशिन आणायचं, कारखान्यांशी बोलणं झालंय माझं. तीन वर्षं दे. कानस धरून लोखंड घासल्याबिगर पोराला समजत न्हाई आपल्या हातात काय हाय ते."

"तुमच्या टायमाला ठीक होतं."

"बे, तुझ्या टायमाला तू काय घासलंस?" छबुबाई मध्येच म्हणाली. सुरज हसला, पण त्यानं फाइलवरचा हात काढला नाही.

कडूबाई चुलीपाशी भाकरी थापत सगळं ऐकत होती. तिला दोघांचंही पटत होतं, हीच तर पंचाईत. दिराची तळमळ खोटी नव्हती आणि लेकाचा हिशेबही खोटा नव्हता. तिच्या मनाचा कल विचारला असता तर लेकाकडं झुकला असता, नाही कशाला म्हणावं. आई कुणाकडं झुकणार? पण पुढचं वाक्य ऐकलं आणि तिचा हात परातीतच थांबला.

"करा अर्ज," सुरज म्हणत होता. "माझी ना न्हाई. पण अर्ज केला की चौकशी लागती, काका. शाळंतलं जुनं रजिस्टर काढतील. गावात येऊन विचारतील. एका बापाचे दोन आश्रुबा कसे, म्हणतील. मंग डिग्र्या कुणाच्या, नोकरी कुणाची, सत्तावीस वर्षं सह्या कुणी केल्या... मी हून काय सांगणार न्हाई. पण मला विचारलं तर मी खोटं कसं सांगू?"

सत्यशीलाचा चेहरा उतरला. नाथानं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, आणि मग बायकोच्या हातातला अर्ज घेऊन त्याची शांतपणे चौपदरी घडी घातली.

"एवढी शिकवणी मीच दिलीय ह्याला," तो सत्यशीलाला म्हणाला. "बोट धरून पहिल्यांदा कॉलेजात मीच नेलतं."

कडूबाईला लेकाची शरम वाटली. खरं बोलून माणूस एवढं ओंगळ बोलू शकतो, हे तिनं आजवर पाहिलं नव्हतं, निदान आपल्या घरात तरी.

सुरजनं आता आपली फाइल उघडली. मेकॅनिकलची शाखा बंद करण्याचा, लेथ मोडीत काढण्याचा आणि फार्मसीसाठी अर्ज करण्याचा ठराव टाइप होऊन तयार होता. "आबा," त्यानं बाहेर हाक दिली, "एक सही पायजे अध्यक्षाची."

आश्रुबा आला. आधी त्यानं बादलीवर हात धुतले, धोतराला पुसले, मग उंबऱ्याला टेकून बसला. लिंबाखालून त्याला सगळं ऐकू आलं असणार. जनावरामागं जिंदगी गेलेल्या माणसाचे कान लांबचं टिपतात.

"मला एक सांग सुरज," तो म्हणाला. "कालेजातून पासष्टीला उतरावं लागतं ते मास्तरला. अध्यक्षाला काय वयाची अट?"

"न्हाई आबा. अध्यक्ष मरेपर्यंत ऱ्हातो."

"आन् पाटीवर काय लिवलंय? आश्रुबा तात्याबा." आश्रुबा डोकं खाजवत हसला. "मंग तकरार कशाची हाय? नाथा उतरू दे मास्तर म्हणून. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष म्हणून माझ्या खुर्चीत बसू दे. पाटी तीच, नाव तेच, तारीखबी तीच. कुठं अर्ज न्हाई, चौकशी न्हाई."

थोडा वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. आलं तेव्हा छबुबाईनं गुडघ्यावर थाप मारली. "आश्रुबा, तुला कोण येडा म्हणतं रे?"

"सही?" सत्यशीलानं विचारलं. तिच्या आवाजात पुन्हा जीव आला होता.

"सही त्यानंच शिकिवली मला, संस्था निघाली तवा. पाटीवर गिरवून घेतली, म्हयनाभर. त्याच्यासारखीच येती."

"आबा, हे चारशेवीस हाय," सुरज म्हणाला. त्याचा साखरेचा आवाज पहिल्यांदाच तडकला.

"मंग मागची साठ वरसं काय व्हतं?"

कडूबाई नाथाकडं बघत होती. तो नको म्हणेल, असं तिला मनापासून वाटत होतं. निदान एकदा तरी म्हणेल. पण त्याची नजर खाली सतरंजीवर होती आणि बोटं मांडीवर हळूहळू हलत होती. नवीन मशिन कुठं बसवायचं, पाया किती खोल घ्यायचा, ते तो आत्ताच मोजत होता. मग त्यानं मान वर करून विचारलं, "आन् भाऊ, तू काय करशील?"

म्हणजे घेतलंच होतं त्यानं.

"मला काय," आश्रुबा म्हणाला. "तुझं नाव हाय की मोकळं. साठ वरसं कुठल्या कागदाला लागलंच न्हाई, नवंकोरं पडलंय. ते घेतो मी."

छबुबाई खळखळून हसली. सत्यशीलाही हसली, डोळे पुसत. खुद्द आश्रुबा हसला, बाजारात हसायचा तसाच. कडूबाई पिठाच्या हातांनी उठली आणि ओसरीच्या मध्यात येऊन उभी राहिली.

"आश्रुबा," ती म्हणाली.

छबुबाईचं हसू जागच्या जागी राहिलं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात कडूबाईनं ते नाव घेतलं होतं ते लग्नाच्या उखाण्यात, आणि तेही पदराआड. सत्यशीलानं नकळत डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"आश्रुबा तात्याबा देवकते. माझ्या नवऱ्याचं नाव हाय ते. शाळा गेली ती गेली, वय गेलं ते गेलं. लोकं वळखत न्हाईत म्हणून मी कवा रडले न्हाई. पोरास्नी भाकरी घातल्या, माळ दिला, आनंदानं दिला. एक खुर्ची ऱ्हायलीय ह्यांच्या नावाची. ती मी देऊ देणार न्हाई. भावजी, तुमी मोठे झाला, मला लई अभिमान हाय. पण एक डाव दिलंय. दुसऱ्या डावाला न्हाई."

ती एवढं लांबलचक कधी कुणासमोर बोलली नव्हती. बोलून झाल्यावर काय करायचं ते न कळून ती तिथंच, हाताचं पीठ बोटांनी चोळत उभी राहिली. आश्रुबा बायकोकडं नुसता बघत होता. त्याचं हसू कुठं गेलं ते कळलं नाही.

नाथा बोलला. "वैनी, मी हो म्हणणार होतो. तुमी बोलला नसता तर मी घेतलं असतं, आन् मला काय वाटलंबी नसतं. तेच वंगाळ हाय." त्यानं चष्मा पुन्हा चढवला. "एकतीसला मी उतरतो. वर्कशॉपचं जे व्हायचं ते होऊ दे."

सत्यशीलानं फाइल मिटून काखेत घेतली. जावेवर रागवावं की तिच्या पाया पडावं, असा तिला प्रश्न पडला असावा.

सुरजनं ठराव बापासमोर सरकवला, वर पेन ठेवलं. "मंग आबा, करा सही. आई म्हणती तेच खरं हाय. अध्यक्ष तुमीच."

आश्रुबानं पेन घेतलं. कागद उलटा होता, तो नाथानं सरळ करून दिला. आश्रुबा कागदाकडं बघत राहिला. वाचता येत नसलं तरी बघायला काय हरकत आहे, अशा बेतानं.

"अध्यक्षानं काय करायचं असतं, सुरज?"

"सही करायची असती."

"आन् न्हाई केली तर?"

सुरजनं फाइलीचं टोक सरळ केलं. "तर ठराव होत न्हाई."

"इतक्या सह्या केल्या मी. हे तू मला कवा सांगितलंच न्हाई." आश्रुबानं पेन खाली ठेवलं. "अकरा पोरं हाईत म्हणलास?"

"अकराच."

"अकरा मेंढरं ऱ्हायली म्हणून कुणी मेंढवाडा मोडत न्हाई. अकराची बावीस हुत्यात. तुला औषधाचं काढायचं तर बाजूला काढ, माळ लई मोठा हाय. लेथाला हात लावायचा न्हाई."

"आबा, तुमाला ह्यातलं काय कळतं?"

"न्हाई कळत," आश्रुबा म्हणाला. "पर सही माझी हाय न्हवं?"

सुरज उठला. त्यानं कागद गोळा केले, नीट टाचले, फाइलीत घातले. दारातून निघताना तो आईपाशी थांबला. "झालं मनासारखं?" त्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्तच लागलं.

हे कडूबाईच्या मनात नव्हतंच. तिला फक्त खुर्ची राखायची होती. त्या खुर्चीत बसून नवरा लेकाचाच डाव मोडेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. "जेवून तर जा," ती म्हणाली. सुरज जेवला नाही. त्याची जीप पाणंदीनं धुरळा उडवत केजकडं गेली, आणि कडूबाई धुरळा खाली बसेपर्यंत दारात उभी होती. चार दिवस बोलणार नाही, मग सूनबाईकडून निरोप येईल, मग हळूहळू येईल. येईलच. तिनं मनाची अशी समजूत घातली आणि ती पुरेशी पटली नाही.

मग तिनं ताटं वाढली. दुसरं काय करणार? ज्यांना भूक नव्हती तेही बसले. छबुबाईनं आमटी पातळ झाल्याची कुरकूर केली आणि दोनदा मागून घेतली. सत्यशीलानं न विचारता भाकऱ्यांची दुरडी उचलली आणि वाढायला लागली. जावेच्या ताटात तिनं भाकरी जरा जपूनच ठेवली.

आश्रुबा खाली मान घालून जेवत होता. निम्मी भाकरी झाल्यावर त्यानं विचारलं, "नाथा, कालेज सकाळचं किती वाजता भरतं?"

"साडेनवाला. कावून?"

"तू नसणार. ही म्हणती खुर्ची माझी हाय, तर बसाया पायजे. झेंड्याच्या दिवशीच जाऊन काय उपेग? ती अकरा पोरं बघतो. हात काळे करत्यात का न्हाई, तेवढं तरी कळंल मला." तो थांबला. पासष्ट वर्षांचा माणूस बायकोसमोर आणि बहिणीसमोर जरा लाजलाच. "पयल्या दिवशी संगं काय न्यावं लागतं?"

नाथाच्या हातातला घास हातातच राहिला. त्यानं भावाकडं बघितलं, मग कडूबाईकडं.

"काय न्हाई लागत, भाऊ," तो म्हणाला. "दोन तारखेला सोमवार हाय. मी येतो तुला पोचवायला."